लिप सिंक (स्टॉप-मोशन)

लिप सिंक म्हणजे पडद्यावरील पात्राच्या ओठांची व जबड्याची हालचाल ध्वनिमुद्रित संवादाशी जुळवण्याची क्रिया होय. स्टॉप-मोशन या ॲनिमेशनच्या प्रकारात लाकूड, माती, सिलिकॉन, कापड अशा पदार्थांची खरी बाहुली कॅमेऱ्यासमोर ठेवून ती दर चित्रागणिक किंचित हलवली जाते आणि प्रत्येक स्थितीचे स्वतंत्र छायाचित्र घेतले जाते. ही छायाचित्रे सलग दाखवली की बाहुली स्वतः हलत असल्याचा भास होतो. अशा बाहुलीला बोलते करायचे तर तिचे तोंडही दर चित्राला हाताने बदलावे लागते. रेखाटलेल्या किंवा संगणकीय ॲनिमेशनमध्ये चुकलेले तोंड नंतर सुधारता येते. स्टॉप-मोशनमध्ये घेतलेल्या दोन चित्रांच्या मध्ये नवे चित्र घालणे जवळपास अशक्य असते, कारण तोवर बाहुलीची मान, तिचा हात, सदऱ्याची सुरकुती असे सारेच पुढे सरकलेले असते. म्हणून येथे लिप सिंकचा बहुतेक विचार चित्रीकरणापूर्वी कागदावर पुरा करावा लागतो.

मराठीत हे काम शिकणाऱ्यासमोर आणखी एक अडचण असते. प्रचलित मुखाकृतींचे तक्ते मुख्यतः इंग्रजी उच्चारांवरून बेतलेले आहेत. देवनागरी लिपी उच्चाराला जवळची असल्याने लिहिलेल्या संवादावरून तोंडे ठरवता येतील असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात अक्षर आणि ओठ यांचा संबंध तितका सरळ नाही.

पार्श्वभूमी

एकेक चित्र घेऊन निर्जीव वस्तू हलती करण्याचे तंत्र महाराष्ट्रात बोलपटाच्या आधीपासून आहे. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी चित्रपटनिर्मितीच्या अगदी आरंभीच्या प्रयोगात ठरावीक अंतराने चित्रे घेऊन वाटाण्याच्या रोपाची वाढ दाखवली होती. पुढे १९१५च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी आगकाड्यांना हालचाल दिली. चित्रपट मूक असल्याने तोंड आणि आवाज जुळवण्याचा प्रश्न तेव्हा नव्हता. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले, तसा तो भारतीय व मराठी चित्रपटात दाखल झाला. तोही आधी माणसांच्या बाबतीत. बोलक्या बाहुल्यांची मराठी परंपरा रंगमंचावर वाढली. तिचा विचार पुढे केला आहे.

बोलणाऱ्या बाहुलीचे ओठ हललेच पाहिजेत असा मात्र नियम नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्यांच्या खेळात संवाद बाहुली चालवणारा कलावंतच म्हणतो, आणि कोणती बाहुली बोलत आहे हे तिच्या मानेच्या व हातांच्या हालचालीवरून प्रेक्षकाला समजते. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चेकोस्लोव्हाकियातील यिर्झी त्रन्का यांनी आपल्या स्टॉप-मोशन बाहुल्यांचे चेहरे जाणीवपूर्वक अचल ठेवले आणि भाव प्रकाशाच्या व कॅमेऱ्याच्या कोनातून आणला. ‘द हँड’ (१९६५) हा त्यांचा लघुपट त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. लिप सिंक शिकणाऱ्याने हे आधी ध्यानात घेणे उपयुक्त ठरते, कारण ज्या दृश्यात मान व हात बोलत नाहीत त्या दृश्याला ओठांच्या अचूक हालचालीने तारता येत नाही.

डोळा आणि कान

ओठ आणि आवाज यांचा मेळ चुकला तर प्रेक्षकाला केवळ विचित्र वाटते असे नाही. त्याला वेगळे ऐकूही येऊ शकते. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली हे प्रयोगाने दाखवले. ‘बा’ असा आवाज ऐकवत ‘गा’ उच्चारणारे तोंड दाखवले असता बहुतेक प्रौढांना ‘दा’ ऐकू आले. डोळे मिटले की त्याच आवाजात पुन्हा ‘बा’ ऐकू येई. या आविष्काराला मॅकगर्क परिणाम म्हणतात. बाहुलीच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की ‘बाबा’ या शब्दावर ओठ मिटले नाहीत तर आवाज स्वच्छ असूनही शब्द अस्पष्ट वाटण्याचा धोका राहतो. ज्यांना कमी ऐकू येते ते प्रेक्षक ओठांवर अधिक विसंबतात, त्यांच्यासाठी ही चूक आणखी महाग पडते.

दुसरी बाब वेळेची. दूरचित्रवाणी प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने केलेल्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला ते जाणवू लागते. उलट आवाज उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ते सहसा लक्षात येत नाही. निसर्गात प्रकाश आवाजाच्या आधी पोहोचतो, त्यामुळे डोळ्याला आधी आणि कानाला नंतर या क्रमाची माणसाला सवय असते. चित्रपटाच्या २४ चित्रांच्या वेगात एक चित्र सुमारे ४२ मिलिसेकंद टिकते. म्हणजे तोंड आवाजाच्या एक चित्र मागे पडले तरी खटकण्याच्या सीमेवर येते, पण दोन चित्रे पुढे असले तर चालून जाते. तोंडाची आकृती ध्वनीच्या एक-दोन चित्रे आधी ठेवावी, हा ॲनिमेटरांचा जुना संकेत या गणिताशी जुळतो.

ध्वनीची फोड

संवाद नेहमी आधी मुद्रित केला जातो. नंतर तो ध्वनिपट्टीवर पुन्हा पुन्हा ऐकून कोणता ध्वनी कितव्या चित्रावर सुरू होतो याची नोंद एका उभ्या तक्त्यात करतात. या तक्त्याला एक्स-शीट किंवा डोप शीट म्हणतात. त्यात प्रत्येक चित्रासाठी एक ओळ असते आणि ध्वनी, तोंड, डोळे, मान, कॅमेरा यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. चित्रीकरणाच्या वेळी ॲनिमेटर आवाज ऐकत बसत नाही. तो या तक्त्यावरून काम करतो.

चित्रपटासाठी सेकंदाला २४, तर भारतीय दूरचित्रवाणीच्या पद्धतीत २५ चित्रे लागतात. स्टॉप-मोशनमध्ये पुष्कळदा बाहुलीची प्रत्येक स्थिती सलग दोन चित्रांसाठी ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ वेगळ्या स्थिती पुरतात. या हिशेबाने दहा सेकंदांच्या संवादाला १२० वेळा तोंडाचा निर्णय घ्यावा लागतो. मोठ्या स्टुडिओतही एका ॲनिमेटरच्या हातून दिवसाकाठी पडद्यावरचे काही सेकंदच तयार होतात, ते यामुळे.

ड्रॅगनफ्रेम या चित्रीकरणाच्या संगणकप्रणालीत ध्वनिपट्टी चित्रांच्या शेजारी दिसते व तोंडांची मांडणी तिच्यावर करता येते. पापागायो ही मोफत प्रणाली शब्दांची फोड करून मुखाकृती सुचवते, पण तिचा आधार इंग्रजी उच्चार हा आहे. मराठी संवादासाठी आकृत्या हातानेच नेमाव्या लागतात आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने ते बरेच आहे.

मराठी ध्वनी आणि मुखाकृती

व्याकरणात ध्वनींचे वर्गीकरण ते तोंडात कोठे उमटतात यावरून होते. ॲनिमेटरला त्यांतील बाहेरून दिसते तेवढेच हवे असते. क आणि घ, ट आणि ण यांचे काम तोंडाच्या आत चालते, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला त्यांतील फरक कळत नाही. अल्पप्राण आणि महाप्राण यांतही ओठांचा फरक नगण्य असतो. ब आणि भ यांना एकच तोंड पुरते. या दृष्टीने पाहिले तर मराठीची सगळी व्यंजने अवघ्या सहा-सात आकृत्यांत बसतात.

पहिली व सर्वांत महत्त्वाची आकृती मिटलेल्या ओठांची. प, ब, भ, म या ध्वनींना ती अपरिहार्य आहे. इतर कोठेही केलेली काटकसर प्रेक्षक माफ करतो, येथे करत नाही. मराठी लेखनात मात्र ओठांचे काही मिटणे लपलेले असते. ‘आंबा’, ‘कुंभार’, ‘संप’ या शब्दांत म लिहिलेला नाही, पण अनुस्वाराचा उच्चार पुढच्या ओष्ठ्य व्यंजनामुळे म असा होतो आणि ओठ अनुस्वारापासूनच मिटतात. ‘संत’, ‘तांदूळ’, ‘अंगण’ यांत तोच अनुस्वार असूनही ओठ उघडे राहतात. ‘सिंह’ या शब्दाचा प्रचलित उच्चार ‘सिंव्ह’ असल्याने तेथे खालचा ओठ दातांकडे जातो, आणि लेखनात त्याची खूणही नसते. केवळ संहिता वाचून एक्स-शीट भरणाऱ्याच्या हातून हे शब्द हमखास चुकतात.

फ हे व्यंजन वेगळ्याच कारणाने अवघड आहे. परंपरेने ते प या व्यंजनाचे महाप्राण रूप, म्हणजे ओठ मिटून उच्चारण्याचे. अनेक वक्ते, विशेषतः शहरी, ‘फळ’ आणि ‘फूल’ हे शब्द खालचा ओठ वरच्या दातांना लावून म्हणतात. ‘ऑफिस’ किंवा ‘फॅन’ यांसारख्या शब्दांत तर तसाच उच्चार अपेक्षित असतो. त्यामुळे फ या व्यंजनाचे एकच तोंड ठरवता येत नाही. ज्या नटाचा आवाज वापरला आहे तो काय करतो हे पाहावे लागते, आणि त्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या वेळी नटाच्या चेहऱ्याचे चित्रण करून ठेवतात. व हा ध्वनी इंग्रजीतील त्याच्या जवळच्या ध्वनीपेक्षा सौम्य आहे. ओठ दातांना टेकतात न टेकतात तोच सुटतात, म्हणून इंग्रजी तक्त्यातील दात रुतलेला ओठ मराठी ‘वारा’ शब्दाला लावला तर बाहुली ओठ चावत असल्यासारखी दिसते.

स या ध्वनीला दातांच्या रांगा जवळ येतात आणि ओठांचे कोपरे किंचित ताणतात. श आणि ष यांना ओठ थोडे पुढे येतात. च आणि ज यांचे मराठीत दोन उच्चार आहेत. ‘चूल’ व ‘चाक’ यांतील च दंततालव्य आहे, त्याचे तोंड स या ध्वनीच्या तोंडाजवळ जाते. ‘चिमणी’ व ‘चहा’ यांतील च तालव्य आहे आणि त्याचे तोंड श या ध्वनीच्या जवळचे. लेखनात दोन्हींसाठी एकच अक्षर आहे. त, थ, द, ध, न, ल यांना जिभेचे टोक दातांच्या मागे दिसते. मोठ्या तोंडाच्या बाहुलीत ते दाखवल्यास उच्चार चटकन पटतो, लहान बाहुलीत ते दिसतच नाही.

इंग्रजी तक्ता वापरताना सर्वांत फसवा ध्वनी म्हणजे र. इंग्रजी उच्चारात या ध्वनीला ओठ गोल होतात, म्हणून तक्त्यात त्याचे तोंड उ स्वराच्या तोंडाजवळ ठेवलेले असते. मराठी र जिभेच्या टोकाने निघतो आणि ओठ शेजारच्या स्वराचेच राहतात. ‘राजा’ म्हणताना बाहुलीने चुंबन घेतल्यासारखा चंबू केला तर दोष ॲनिमेटरच्या हाताचा नसून तक्त्याचा असतो.

स्वरांना पाच तोंडे पुरतात: आ स्वराचे मोठे उघडे, अ स्वराचे अर्धे उघडे, इ आणि ए यांचे रुंद, ओ स्वराचे गोल, आणि उ स्वराचे लहान व पुढे आलेले. ऐ आणि औ हे एका तोंडाचे स्वर नाहीत. त्यांत एका आकृतीतून दुसरीकडे जाणे असते. ‘डॉक्टर’मधील ऑ आणि ‘बॅट’मधील ॲ यांसाठी वरीलपैकी दोन आकृतींच्या मधले तोंड चालते.

स्वर व्यंजनाच्या आधीच ओठांवर येतो, ही बाब नवशिक्याला उशिरा कळते. ‘कुत्रा’ आणि ‘किल्ला’ हे शब्द आरशासमोर म्हणून पाहिले असता क उमटण्याआधीच पहिल्यात ओठ गोल आणि दुसऱ्यात रुंद झालेले दिसतात. ‘सूर’ शब्दातील स याचे तोंडही गोलच असते. त्यामुळे आत उमटणाऱ्या व्यंजनांना स्वतःचे तोंड देण्याची गरज पडत नाही. त्यांच्यावर पुढच्या स्वराचे तोंड ठेवले की ते ऐकणाऱ्याला बरोबर वाटतात. शिवाय मराठीत लिहिलेला प्रत्येक अ उच्चारला जात नाही. ‘घर’ या शब्दात अक्षरे दोन, पण जबडा एकदाच उघडतो; ‘बसला’ या शब्दात अक्षरे तीन, जबडा दोनदाच.

एका वाक्याची मांडणी

‘मला आंबा दे’ हे वाक्य साध्या बोलण्याच्या गतीत सुमारे एका सेकंदात संपते. सेकंदाला १२ स्थिती या हिशेबाने त्याची मांडणी अशी होऊ शकते. पहिल्या स्थितीत म साठी ओठ मिटलेले. दुसरीत अ, अर्धे उघडे. तिसरीत ल, तोंड तेवढेच उघडे पण जीभ वर. चौथी, पाचवी आणि सहावी या तिन्ही स्थितींत आ, कारण ‘मला’ शब्दाचा शेवटचा आणि ‘आंबा’ शब्दाचा पहिला स्वर एकमेकांत मिसळतात. सातवी व आठवी मिटलेल्या ओठांची. येथे अनुस्वार आणि ब मिळून एकच लांब मिटणे होते. नववी आणि दहावी पुन्हा आ. अकरावीत द, दात जवळ. बारावी व तेरावीत ए, रुंद, आणि त्यानंतर तोंड हळूहळू विसाव्याच्या स्थितीत येते. एकूण तेरा स्थिती, म्हणजे २६ चित्रे.

या मांडणीत शब्दांच्या सीमा कोठेही दिसत नाहीत. ‘मला’ आणि ‘आंबा’ यांच्या मध्ये तोंड मिटवण्याचा मोह नवशिक्याला होतो, कारण कागदावर तेथे मोकळी जागा असते. तेथे तोंड मिटले तर ‘मलाम्’ असे काहीतरी ऐकू आल्याचा भास होतो.

हेच वाक्य बोलीत गेले की तोंडे बदलतात. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले गाव वऱ्हाडी बोलीच्या पट्ट्यात येते. एखाद्या गोष्टीतील मुलगी या गावची दाखवायची असेल तर ती ‘मले आंबा दे’ म्हणेल. आता चौथ्या स्थितीवर आ ऐवजी रुंद ए येतो, पाचवीत तो आ या स्वराकडे सरकतो आणि सहावीत आ पुरता उघडतो. प्रमाण मराठीत जेथे तोंड तीन स्थिती एका जागी विसावले होते तेथे आता तीन वेगळी तोंडे लागतात.

वऱ्हाडीचे आणखी एक ठळक वैशिष्ट्य म्हणजे ळ ऐवजी येणारा य: ‘शाळा’ ऐवजी ‘शाया’, ‘डोळा’ ऐवजी ‘डोया’. ळ हा मूर्धन्य ध्वनी आहे. त्याच्यासाठी जीभ आत वळते आणि ओठांना काही करावे लागत नाही, म्हणून ‘डोळा’ शब्दात ओठ गोलाकारातून सरळ उघडतात. ‘डोया’ शब्दात मध्ये य येतो, ओठांचे कोपरे क्षणभर ताणले जातात, आणि गोल, रुंद, उघडे अशी तीन तोंडे एकामागून एक दिसतात. ‘विहीर’ ऐवजी ‘इहीर’ म्हणणाऱ्या पात्राच्या ओठावर व नसतोच. बोली ही केवळ आवाजाची बाब आहे असे समजून प्रमाण मराठीची एक्स-शीट वऱ्हाडी संवादाला लावली, तर आवाज वऱ्हाडचा आणि तोंड पुण्याचे अशी बाहुली तयार होते. बोलीचे ज्ञान असलेल्या विद्यार्थ्याला येथे कोणत्याही तयार तक्त्यापेक्षा स्वतःचे तोंड अधिक विश्वसनीय ठरते.

शब्दभ्रम आणि बोलक्या बाहुल्या

महाराष्ट्रात बाहुलीच्या तोंडाचा सर्वांत सखोल अभ्यास स्टॉप-मोशनमध्ये नव्हे, शब्दभ्रमाच्या कलेत झाला. यशवंत पाध्ये यांनी रंगमंचावर आणलेला ‘अर्धवटराव’ आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी पुढे चालवलेला बोलक्या बाहुल्यांचा खेळ अनेक पिढ्यांच्या परिचयाचा आहे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटातील तात्या विंचूची बाहुलीही रामदास पाध्ये यांनीच घडवली. ही बाहुली कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष चालवली जाते, एकेक चित्र घेऊन नव्हे. त्यामुळे हे काम स्टॉप-मोशनमध्ये मोडत नाही. तरी शिकणाऱ्याला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

शब्दभ्रमकार आणि ॲनिमेटर यांच्या अडचणी एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत. शब्दभ्रमकाराला स्वतःचे ओठ न हलवता बोलायचे असते, म्हणून प, ब, भ, म हे ध्वनी त्याला सर्वांत कठीण. जिभेच्या साहाय्याने त्यांच्या जवळचे ध्वनी काढून तो कानाची फसगत करतो. ॲनिमेटरला हेच ध्वनी सर्वांत ठळकपणे दाखवायचे असतात. एकजण जे लपवतो तेच दुसऱ्याला उघड करावे लागते, आणि दोघांचाही भरवसा प्रेक्षकाच्या एकाच सवयीवर असतो: आवाज जेथे तोंड हलते तेथूनच येतो असे मानण्याच्या.

शब्दभ्रमाच्या बाहुलीला बहुधा एकच हलणारा जबडा असतो. तिला गोल किंवा रुंद ओठ करता येत नाहीत, तरी ती बोलते हे प्रेक्षकाला पूर्णपणे पटते. जबडा प्रत्येक उच्चारित अवयवावर एकदा उघडतो, जोर असलेल्या जागी अधिक उघडतो, आणि वाक्याच्या शेवटी मिटतो. त्यासोबत मान कलते, नजर फिरते. लिप सिंकचा पाया आकृत्यांच्या संख्येत नसून लयीत असतो, याचा याहून सोपा पुरावा सापडणार नाही.

तोंड बदलण्याच्या पद्धती

स्टॉप-मोशनमधील तोंडाची सर्वांत साधी रचना म्हणजे बिजागरीचा जबडा. मातीच्या बाहुलीत तोंड जागच्या जागी बोटांनी व कोरणीने बदलता येते. त्यातून चेहऱ्याला जिवंतपणा येतो, पण दर बदलाला मातीवर बोटांचे ठसे उठतात, गालांचा आकार हळूहळू ढळतो आणि दिव्यांच्या उष्णतेने माती मऊ पडते.

म्हणून बदलती तोंडे वापरण्याची पद्धत रूढ झाली. आधीच घडवलेल्या तोंडांचा एक संच पेटीत तयार असतो. एक तोंड काढून दुसरे बसवायचे. १९४०च्या दशकात जॉर्ज पाल यांनी लाकडी डोकीच बदलून बोलत्या बाहुल्यांचे लघुपट केले. हेन्री सेलिक यांच्या ‘द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’ (१९९३) या चित्रपटात जॅक स्केलिंग्टन या पात्रासाठी सुमारे चारशे डोकी होती. ब्रिटनमधील आर्डमन स्टुडिओच्या वॉलेसचे तोंडही मातीच्या बदलत्या तुकड्यांनी बनते. त्याची ओळख झालेले ते अतिरुंद तोंड पीटर सॅलिस यांच्या आवाजातील उच्चारांच्या लकबीतून सुचले, असे त्याचे निर्माते निक पार्क यांनी सांगितले आहे. म्हणजे आवाजाने तेथे केवळ तोंडाची हालचाल ठरवली नाही, पात्राचा चेहराही ठरवला.

‘कॉर्प्स ब्राइड’ (२००५) या चित्रपटात उलट मार्ग घेतला होता. डोक्याच्या आत घड्याळासारखी चक्रे बसवून, कानातून लहान किल्लीने फिरवून ओठांचे कोपरे व गाल सरकवले जात. ‘कोरालाइन’ (२००९) या चित्रपटासाठी लायका स्टुडिओने चेहरे त्रिमितीय छपाईने तयार केले. चेहऱ्याचे भुवयांचे व ओठांचे भाग वेगळे छापल्यामुळे त्यांच्या जोड्यांतून नायिकेला दोन लाखांहून अधिक भाव मिळू शकत होते. दोन भागांमधील फट नंतर संगणकावर पुसली गेली. ‘अनोमालिसा’ (२०१५) या चित्रपटाच्या कर्त्यांनी ती फट मुद्दाम तशीच ठेवली.

घरी किंवा महाविद्यालयात काम करणाऱ्याला यांपैकी फारच थोडे लागते. जाड कागदावर किंवा पातळ मातीच्या चकतीवर केलेली आठ-नऊ तोंडे आणि ती चेहऱ्यावर दरवेळी नेमक्या त्याच जागी बसवण्याची सोय एवढे पुरते. यांतील दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. तोंड अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर लिप सिंक अचूक असूनही ओठ चेहऱ्यावर थरथरताना दिसतात. त्यासाठी मागे टाचणी, लहान चुंबक किंवा खाच ठेवतात आणि जुन्या चित्रावर नवे चित्र अर्धपारदर्शक करून जागा तपासतात.

शिकण्याचा क्रम

सुरुवात तोंडाशिवाय करणे चांगले. पाच-सहा सेकंदांचा संवाद निवडून बाहुलीचे तोंड न हलवता केवळ मान, खांदे आणि डोळ्यांच्या पापण्या यांनी तो बोलून दाखवायचा. जोराचा शब्द कोणता हे त्यातून ठरते. दुसऱ्या टप्प्यात मिटलेले आणि उघडे अशी दोनच तोंडे घेऊन तोच संवाद करायचा. ओष्ठ्य ध्वनींवर मिटणे आणि स्वरांवर उघडणे जमले की निम्म्याहून अधिक काम झालेले असते. नंतर गोल आणि रुंद ही तोंडे वाढवायची, आणि शेवटी स, व व जीभ दिसणारी तोंडे.

आरसा हे या सगळ्यातील मुख्य साधन आहे, पण त्याच्या वापरात एक फसगत आहे. आरशासमोर बसलेला माणूस नकळत सावकाश व स्पष्ट बोलतो, आणि एरवी न मिटणारे ओठही मिटवतो. म्हणून स्वतःचे चित्रण नेहमीच्या वेगात करून नंतर ते चित्रागणिक पाहणे अधिक खात्रीचे. हनुवटीखाली हात ठेवून वाक्य म्हणल्यास जबडा किती वेळा खाली येतो हे मोजता येते. ती संख्या अक्षरांच्या संख्येहून पुष्कळदा कमी भरते.

नवशिक्यांची सर्वांत सामान्य चूक म्हणजे प्रत्येक अक्षराला तोंड देणे. त्याने बाहुली बडबडते पण बोलत नाही. ओठ इतके फडफडतात की कोणताच शब्द ठसत नाही. जलद संवादात निम्मे ध्वनी सोडून द्यावे लागतात. कोणते सोडायचे हे ठरवताना ओष्ठ्य व्यंजने आणि जोराचे स्वर राखले जातात, बाकीचे शेजारच्या तोंडात विरघळतात. जागा अपुरी पडली तर ओठांच्या मिटण्यासाठी आधीच्या स्वराचे एखादे चित्र काढून घेतात, कारण एकाच चित्रापुरते मिटलेले ओठ डोळ्याला पुष्कळदा दिसतच नाहीत.

दुसरी चूक म्हणजे सर्व स्वर सारखेच उघडणे. कुजबुजणाऱ्या आणि ओरडणाऱ्या पात्राचा आ एकच नसतो. तिसरी चूक शांततेची. वाक्य संपताच तोंड विसाव्याच्या आकृतीत उडी मारते आणि बाहुली बंद पडलेल्या यंत्रासारखी दिसते. माणूस बोलण्याआधी श्वास घेतो, बोलून झाल्यावरही ओठ क्षणभर शेवटच्या स्वरात रेंगाळतात. आर्डमनच्या पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस खऱ्या माणसांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांवर लघुपट केले, आणि निक पार्क यांच्या ‘क्रीचर कम्फर्ट्स’ (१९८९) या लघुपटात मुलाखतींतील खरे आवाज प्राण्यांच्या तोंडी आले. या कामांत अडखळणे, वाक्य अर्धवट सोडणे, विचार करताना निघणारा ‘अं’ या सगळ्याला तोंड दिलेले दिसते. सरावासाठी नाटकातील घोटीव संवादापेक्षा घरातील आजी-आजोबांचे साधे बोलणे त्यांच्या संमतीने मुद्रित करून घेतले तर त्यात असे क्षण भरपूर मिळतात. शिवाय त्यांचे चेहरे ओळखीचे असल्याने तोंड कोठे चुकले हे ॲनिमेटरच्या आधी घरच्यांनाच कळते.